काय पुसायचे नाही?

श्री. सुधाकर टिपणीस यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते खालापूरच्या आपल्या घराच्या पडवीत पापडांचा डबा पोटाशी धरून उभे होते आणि त्यांच्या पत्नी वसुधाताई तो परत मागत होत्या.

"अहो, द्या तो डबा. उन्हाळ्यातच घेतलाय मी."

"पाऊस जाऊ दे गं. कॅसेटींना बुरशी धरते."

"आणि माझ्या पापडांना धरत नाही वाटतं? पापड बाहेर, कॅसेटी आत. बघा हो बाई, आता तुम्हीच सांगा."

त्या दोघांपैकी कोणीही मला ओळखत नव्हते. मी पायरीवर छत्री मिटत होते. बोलायचे म्हणून मी म्हटले, "झाकण घट्ट असेल तर दोन्ही एकत्र राहतील की."

"कॅसेटीला हिंगाचा वास लागेल," टिपणीस म्हणाले.

"लागू दे," वसुधाताई म्हणाल्या. "निदान त्या वासानं तरी वेळेवर पानावर याल."

या गोष्टीला सहा वर्षे झाली. तो डबा अजून पडवीतच आहे.

टिपणीसांच्या पंचाहत्तरीचा हा अंक ज्यांच्या हाती पडेल, त्यातले बहुतेक जण त्या पडवीत बसलेले आहेत. खोपोलीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून टिपणीसांनी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर जुने घरगुती संगणक दुरुस्त करण्याचा छंद घेतला, हे त्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चाळीसएक वर्षांपूर्वी घरी वापरायचे लहान संगणक मिळत. कीबोर्डाच्या पेटीतच सगळा संगणक असे. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा, आणि लिहिलेला प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायचा. कॅसेट लावली की कर्कश शिट्टीसारखा आवाज येई. तो आवाज म्हणजेच प्रोग्रॅम.

असा एक संगणक माझे यजमान कै. मोहन भिडे यांनी आखातातून परतलेल्या मित्राकडून घेतला होता. ते रसायनीच्या एका कारखान्यात होते. आमची मुलगी विजू सहावीत असताना आजाराने ते गेले. मी कर्जतच्या शाळेत गणित शिकवत होते, पुढेही शिकवत राहिले. संगणक माळ्यावर गेला. निवृत्तीनंतर घर रंगवायला काढले तेव्हा तो खाली आला आणि तो एकदा चालू झालेला पाहावा, असे मला वाटले. दुसरे काही कारण नव्हते. कोणीतरी टिपणीसांचे नाव सांगितले. मी जुन्या सुती साडीत तो गुंडाळला आणि एस.टी.ने खालापूरला गेले.

टिपणीसांनी साडीची घडी आधी नीट बाजूला ठेवली, मग संगणकाकडे पाहिले. मी म्हटले, "लावून बघता का?"

"आज नाही. आल्या दिवशी वीज नाही," ते म्हणाले. "तीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून लगेच बोरघाट चढायला लावायचा का, बाई?"

हा त्यांचा नियम तुम्हाला माहीत आहे. आधी पेटी उघडायची, आतले पाहायचे, विजेचा भाग वेगळा तपासायचा आणि मगच जोडायचे. आपल्यातल्याच एका गृहस्थांनी, टिपणीस चहा सांगायला आत गेले असताना, आपला संगणक स्वतःच प्लगला लावला होता. नाव लिहीत नाही, त्यांच्याकडे माझे जाणे-येणे आहे. मोठा आवाज झाला आणि पडवीत धूर झाला. टिपणीस बाहेर आले. दोन्ही खिडक्या उघडल्या आणि म्हणाले, "वास जाऊ दे, मग चहा घेऊ." पुढचे पाच महिने त्यांनी तो संगणक दुरुस्त केला. त्या गृहस्थांना त्या पाच महिन्यांत एकदाही त्याबद्दल ऐकवले नाही. वसुधाताईंनी मात्र ऐकवले. त्यांना पाहिले की त्या म्हणत, "या, मेन स्विच बंद करून येते."

टिपणीसांचा दुसरा नियम काढलेल्या भागांचा. जळालेला असो, गंजलेला असो, संगणकातून काढलेला प्रत्येक भाग ते पाकिटात घालून, वर नाव लिहून परत देतात. "तो तुमचा आहे, माझा नाही," असे म्हणतात. मोहोपाड्याच्या कॉलनीत लोक जुने, जाड टीव्ही टाकून देतात. ते गणपत टेंपोवाला टिपणीसांकडे आणून टाकतो, कारण जुन्या संगणकांना तेच टीव्ही लागतात. एकदा मी असताना तो आला.

"काका, ह्यो चालतोय का नाय मला म्हाईत नाय. पन जड लय हाय."

टिपणीसांनी टीव्ही उघडला. आत उंदराचे घरटे निघाले. त्यांनी ते काढून पाकिटात घातले आणि पाकिटावर लिहू लागले.

"आता ह्ये बी परत द्यायचं का?" गणपत म्हणाला. "उंदराचा पत्ता ठाव हाय का तुमाला?"

टिपणीस इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावे लागले.

इथपर्यंत मी सर्वांना माहीत असलेले लिहिले. आता जे लिहायचे ठरवून बसले आहे ते लिहिते. टिपणीसांकडे संगणक घेऊन गेलेल्या प्रत्येकाने एक झेरॉक्स केलेला कागद भरला आहे. त्यावर पहिला प्रश्न आहे : काय पुसायचे नाही? हा प्रश्न कसा आला, असे पुष्कळांनी त्यांना विचारले. ते म्हणतात, "एकदा चूक झाली होती." कोणाची, कशी, ते सांगत नाहीत. ती चूक माझ्या संगणकाच्या बाबतीत झाली. ती लिहू का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "लिहाच."

माझा संगणक पिवळा पडला होता. "दसरा झाला की ऊन पडेल, तेव्हा पेटी उजळून देतो," असे टिपणीस म्हणाले होते आणि मी मान हलवली होती. जुने प्लास्टिक औषध लावून उन्हात ठेवले की पुन्हा पांढरे होते. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. मी गेले. टेबलावर माझा संगणक दुधासारखा पांढरा झाला होता. टीव्हीवर चौकोनी ठिपका उघडमीट करत होता. टिपणीसांच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो असायलाच हवा होता, दीड महिना त्यांनी त्यावर घालवला होता.

मी बटणांच्या वरच्या पट्टीकडे पाहिले. तिथे काही नव्हते.

त्या पट्टीवर यजमानांनी बॉलपेनने लिहिले होते, "कुंदा, आधी टीव्ही. मग हे." मी नेहमी उलट करत असे आणि मग पडदा कोरा दिसतो म्हणून त्यांना हाक मारत असे. शेवटी वैतागून त्यांनी लिहून ठेवले. वर धूळ आणि मेणचट थर बसला होता. नव्या माणसाला ते चार-दोन निळे ओरखडे वाटले असते. मला वाचता येत होते, कारण काय लिहिले आहे ते मला पाठ होते. माळ्यावरून काढल्यावर मी तेच आधी वाचले होते. टिपणीसांना सांगायचे मात्र मला सुचले नाही.

"छान झालंय," मी म्हटले. साडीत गुंडाळले आणि निघाले. वसुधाताई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मी रस्त्याला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपणीस कर्जतला माझ्या दारात उभे होते. मी पत्ता दिलेला नव्हता. शाळेत विचारून आले होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत. संगणक उघडण्याआधी ते त्याचे फोटो काढून ठेवतात, कोणता स्क्रू कुठला ते कळावे म्हणून. मी चहा न घेता गेले, हे त्यांना खटकले होते. घरी त्यांनी ते फोटो मोठे करून एकेक पाहिले होते.

"बाई, मी पुसलं," ते म्हणाले. "वाचता आलं असतं. मी वाचलंच नाही."

"मी सांगायला हवं होतं."

"नाही. मी विचारायला हवं होतं."

त्यांनी फोटोची छापील प्रत आणली होती. त्यात ती अक्षरे अंधूक दिसत होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. पुन्हा तसेच लिहून देतो, असे ते म्हणाले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. दुसरा कोणीही म्हणाला असता.

मग ते बसले. पाणी प्यायले. निघताना म्हणाले, "कॅसेटी आहेत का त्या वेळच्या?"

एक होती. वर यजमानांच्या अक्षरातले लेबल होते.

"तेव्हा बरेच जण प्रोग्रॅम भरण्याआधी कॅसेटवर त्याचं नाव बोलून ठेवायचे," टिपणीस म्हणाले. "म्हणजे पुढे शोधायला सोपं. सगळे नाही, पण बरेच. त्यांचा आवाज असू शकेल. नसेलही."

यजमान गेले तेव्हा घरात मोबाइल नव्हते. लग्नाचे फोटो आहेत, हालती चित्रे नाहीत. त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता. विजूने एकदा विचारले होते, "आई, बाबा कसे बोलायचे गं?" आणि मला तो काढून दाखवता आला नव्हता. आवाज आठवतो असे आपल्याला वाटते, पण तो शब्दांपुरताच आठवतो.

"वाजवता येईल?" मी विचारले.

"जुनी टेप आहे. एकदा नीट वाजेल, दुसऱ्यांदा तुटेल. किंवा पहिल्यांदाच तुटेल. मी खोटं सांगत नाही."

मी कॅसेट दिली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

त्यानंतर तीन महिने मी खालापूरला गेले नाही. मला राग नव्हता, भीती होती. एकदा त्यांच्या हातून पुसले गेले होते. टिपणीसांनी एकही फोन केला नाही. संक्रांतीला वसुधाताईंचा आला. "तिळगूळ न्यायला या. आणि ह्यांनी एक कागद केलाय तो बघून जा. रोज दोन ओळी लिहितात, तीन खोडतात. मास्तरीण हवी आहे तपासायला."

मी गेले. तोच तो कागद. पहिला प्रश्न, काय पुसायचे नाही? दुसरा, शेवटचे कोणी वापरले? तिसरा, चालू झाल्यावर आधी काय बघायचे आहे? टिपणीसांनी माझ्यापुढे पेन ठेवले. मी पहिल्या प्रश्नापुढे लिहिले, "काहीही पुसायचे नाही." मग पर्समधून कॅसेट काढून त्यावर ठेवली.

पुढचे दोन महिने त्यांनी ती कॅसेट वाजवली नाही. एक जुना टेपरेकॉर्डर आणला, त्याचा पट्टा बदलला. माझ्या कॅसेटच्याच वयाच्या, स्वतःच्या सहा कॅसेटी त्यावर वाजवून पाहिल्या. दोन तुटल्या. का तुटल्या ते शोधले आणि पुन्हा सगळे जुळवले. मग माझी टेप जुन्या खोक्यातून नव्या खोक्यात भरली. जुने खोके लेबलासकट पाकिटात घालून मला दिले. मी शेजारी बसून हे पाहिले. मी एवढी वर्षे भूमितीच्या आकृत्या काढल्या, पण इतका स्थिर हात माझ्या पाहण्यात नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी विजू पुण्याहून आली. वसुधाताईंनी मिक्सर लावायचा नाही म्हणून आदल्या दिवशीच चटणी वाटून ठेवली. वाजेल ते लगेच साठवून घ्यायला टिपणीसांनी टेपरेकॉर्डर आजच्या संगणकाला जोडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

आधी नुसती खरखर. मग ती शिट्टी, बराच वेळ. मग शिट्टी थांबली आणि एका बाईचा आवाज आला, लांबून, स्वयंपाकघरातून यावा तसा.

"अहो, संपली का तुमची शिट्टी? आमटी निवली."

तो माझा आवाज होता. मला ओळखू आला नाही. विजूने ओळखला. मी इतकी करवादून बोलत असे, हे मला माहीत नव्हते. आणि मग अगदी जवळून, जणू टेबलापलीकडून :

"आलो गं. एकच मिनिट." थोडे थांबून, शाळेत हजेरी घ्यावी तशा सुरात, "दोन. वेळापत्रक. कुंदासाठी."

पुन्हा शिट्टी.

टेप तुटली नाही. ती बाजू शेवटपर्यंत वाजली. विजू माझा हात धरून होती. टिपणीस टेपच्या फिरत्या चाकांवरून नजर न हलवता बसले होते. शेवटी वसुधाताई म्हणाल्या, "बाई, आमटी गरम करू का?" आणि आम्ही सगळ्याच एकदम हसलो आणि रडलो.

दुपारी टिपणीसांनी ते वेळापत्रक माझ्या संगणकात भरले. शाळेचे वेळापत्रक मी दरवर्षी हाताने करत असे. यजमानांनी हा प्रोग्रॅम केला तेव्हा, "यंत्राला काय कळतंय माणसांचं," असे म्हणून मी तो एकदाही वापरला नव्हता. पडद्यावर रोमन अक्षरांत प्रश्न उमटला, "कुंदा, किती वर्ग?" मी आकडे भरले. वेळापत्रक आले. मी पुन्हा वेगळे आकडे भरले. टिपणीस दुसरीकडे प्रोग्रॅमच्या ओळी वाचत होते.

"बाई, इथे एक ओळ लबाडीची आहे," ते म्हणाले. "काहीही भरा, बुधवारी शेवटचा तास तुम्हाला मोकळाच येणार."

बुधवारी यजमानांची साप्ताहिक सुट्टी असे.

"लबाडी दुरुस्त करू का?" त्यांनी विचारले. त्यांच्या डोळ्यांत हसू होते. मी त्यांना कागदावरचा पहिला प्रश्न दाखवला.

टिपणीसांच्या कामाविषयी इतर जण अधिक जाणतेपणाने लिहितील. मला एवढेच सांगायचे आहे की चूक झाल्यावर माणसे बहुधा ती विसरतात किंवा कुरवाळत बसतात. टिपणीसांनी ती कागदावर पहिल्या क्रमांकाला ठेवली आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले. त्या प्रश्नामुळे कोणाच्या वडिलांनी चिकटवलेले बसचे तिकीट राहिले, कोणाच्या बहिणीने नखाने कोरलेले नाव राहिले. ते कागद तुम्हीच भरले आहेत.

मागच्या वर्षी टिपणीसांचा गुडघा बदलला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारले, "काढलेला भाग पाकिटात घालून देणार ना?" डॉक्टर गोंधळले. वसुधाताई म्हणाल्या, "लक्ष देऊ नका, घरी पाकिटं ठेवायला जागा नाही." महिन्याभरात ते पडवीतल्या स्टुलावर होते. पण त्या महिन्यात पडवी बंद पाहून ही पडवी नेहमीच उघडी असेल असे नाही, ही जाणीव मला पहिल्यांदा झाली, आणि तीच या लेखाचे खरे कारण आहे.

माझ्या कॅसेटची दुसरी बाजू अजून वाजवलेली नाही. पहिली बाजू वाजली त्या दिवशी टिपणीसांनी विचारले होते, मी नको म्हटले होते. त्यानंतर दर संक्रांतीला ते एकदा विचारतात. "टेप थांबत नाही हो बाई, तीही म्हातारी होते," एवढे सांगतात आणि विषय सोडतात. मी थांबवत आले, कारण वाजवली की संपली. न वाजवलेल्या बाजूला अजून काही बोलायचे बाकी आहे, असे वाटत राहते.

हा लेख लिहायला घेतला त्या दिवशी मी त्यांना फोन केला. पंचाहत्तरीचा सत्कार झाला की त्यानंतरच्या बुधवारी दुसरी बाजू लावू, म्हटले. विजूही येईल.

त्यांनी विचारले, "त्यात काहीच नसलं तर? नुसती शिट्टी असली तर?"

"तरी चालेल," मी म्हटले. "पण टेप तुटली तर?"

"तुटली तर जोडू. घाई नको, घाबरायचं नाही. मी आहे."

श्री. टिपणीसांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचा नवा गुडघा त्यांना पायऱ्या चढवत राहो, हात असेच स्थिर राहोत आणि पापडांच्या डब्यावरून वसुधाताईंशी त्यांचा वाद पडवीत ऐकू येत राहो. कोणीतरी भीत भीत काहीतरी साडीत गुंडाळून त्या पायरीवर येईल. तेव्हा, आणि पुढे पुष्कळ वर्षे, आतून टिपणीसांनी म्हणावे, "मी आहे."